पेढीवरील जुना संगणक आणि त्याचे बंद पडलेले पोर्ट

गादीवर ज्या वस्तूंना मान असे त्यांत तराजू, वही आणि तिजोरी या तीन मुख्य. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणक त्यांच्या पंक्तीस येऊन बसला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून तर त्याच्यावाचून पेढीचा एक दिवसही सरत नाही. मालाचे बिल, मंडीची ई-अनुज्ञा, ई-वे बिल, महिन्याचे विवरणपत्र, बँकेचा मेळ, सारे त्या एका पेटीतून निघते. ही पेटी आपल्याकडे बहुधा दहा-पंधरा वर्षांची असते. तिच्यावर हिशेब होतो, बिल छापले जाते, मग ती बदलावी कशाला, असा आपला रोकडा सवाल असतो; आणि तो चुकीचाही नाही. बेरीज-वजाबाकीच्या कामाला यंत्र सहसा म्हातारे होत नाही.

म्हातारे होते ते त्याचे बाहेरचे अंग. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, की-बोर्ड, माऊस, डिजिटल सहीचे टोकन, इलेक्ट्रॉनिक काट्याची तार, ही सर्व ज्या चपट्या चौकोनी खोबणींत बसतात त्यांस यू.एस.बी. पोर्ट म्हणतात. एके दिवशी यांतली एखादी खोबण मुकी होते. मग दुसरी. कारागीर येतो, दोन मिनिटे पाहतो आणि सांगतो, "शेठजी, मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या." मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा व्यापारी आहे, या विद्येचा पंडित नव्हे. तथापि बाजारातील निरनिराळ्या पेढ्यांवरचे असे बिघाड पाहता पाहता एक गोष्ट मनात पक्की झाली, ती व्यापारी बंधु-भगिनींपुढे ठेवतो. पोर्ट बंद पडणे आणि मदरबोर्ड जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीचा निकाल काढण्यापूर्वी तासाभराची शिस्तीने केलेली तपासणी आवश्यक आहे, आणि तिचा बराचसा भाग आपला आपल्याला करता येतो.

या खोबणीचा थोडा पूर्ववृत्तांत सांगितला पाहिजे. पूर्वी प्रिंटरची तार निराळी, माऊसची निराळी, काट्याची निराळी, आणि प्रत्येकीचे तोंड भिन्न असे. ही गैरसोय दूर करण्यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आय.बी.एम., कॉम्पॅक आदी सात कंपन्यांनी मिळून एकच सामाईक जोड ठरविला. त्याची पहिली आवृत्ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. या कामात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते इंटेलमधील अभियंते अजय भट्ट हे आपल्या शेजारच्या बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. हा जोड उलटा घातला तर बसत नाही, ही साऱ्या जगाची तक्रार आहे. दोन्ही बाजूंनी बसणारा जोड करता आला असता. पण तारा आणि मंडल दुप्पट लागून खर्चही तसाच वाढला असता, असे भट्ट यांनीच पुढे सांगितले आहे. व्यापाऱ्याला हे उत्तर पटण्यासारखे आहे. मात्र त्या वाचविलेल्या पैशाची थोडी भरपाई आपल्या पेढीवरचे पोर्ट आजही करीत असतात, कारण उलटा पेन ड्राइव्ह जोराने दाबणारा मनुष्य प्रत्येक दुकानात एक तरी असतोच.

आता आतली रचना. खोबणीत एक प्लास्टिकची जीभ असते आणि तिच्यावर चार धातूच्या पट्ट्या. कडेच्या दोन पट्ट्या वीज देतात, ५ व्होल्टची. मधल्या दोन माहिती नेतात. जुन्या संगणकावरील सर्वसाधारण पोर्ट, ज्याला यू.एस.बी. २.० म्हणतात, तो अर्धा अँपिअर म्हणजे ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह देण्यासाठी बांधलेला असतो. जीभ निळी असेल तर तो बहुधा नंतरचा ३.० जातीचा समजावा. त्याची मर्यादा ९०० पर्यंत. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. गुमास्ते, हमाल, मालमोटारीचे चालक, जो येतो तो आपला मोबाइल संगणकाला लावून भरून घेतो; खराब तारेतून जास्त ओढ बसली म्हणजे बोर्डावरील संरक्षक फ्यूज तापतो आणि प्रवाह रोखतो. हा फ्यूज बहुधा जळून जाणारा नसतो, निवला की पुन्हा पूर्ववत् होतो. म्हणून दुपारी मेलेला पोर्ट सकाळी जिवंत झालेला आढळतो, आणि लोक त्याला दैव म्हणतात.

झिजेचाही हिशेब आहे. या चौकोनी जोडाच्या मानकात कमीत कमी १,५०० वेळा घालणे-काढणे सोसले पाहिजे, अशी अट आहे. आपल्या पेढीवर एकाच खोबणीत दिवसातून दोनदा पेन ड्राइव्ह जात असेल आणि वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले, तर वर्षाला ६०० झाले. अडीच वर्षांत हमीचा आकडा पुरा. प्रत्यक्षात जोड याहून पुष्कळ टिकतो, तरी पुढच्या दोन खोबणी आधी का ढिल्या होतात आणि मागच्या चार कोऱ्या का राहतात याचे उत्तर एवढ्यात आले. त्यात आपल्या गावची हवा. धान्याच्या पेढीवर कोंडा आणि भुसा, यंत्रमागाच्या वस्तीत सुताचे तंतू, आणि पावसाळ्यात तापीकाठची ओल. ही तिन्ही त्या खोबणीत जाऊन गच्च बसतात.

बिघाड शोधावा कसा? पूर्वी तेरीज जुळली नाही म्हणजे जाणते दिवाणजी कीर्द पहिल्या पानापासून वाचीत बसत नसत. आधी फरकाचा आकडा पाहत. तो ९ ने निःशेष भागला गेला तर कोठेतरी आकडे उलटसुलट लिहिले गेले असावेत, असा त्यांचा पहिला तर्क. त्यानंतर अर्धी खाती बाजूस ठेवून फरक कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवीत. येथेही तीच रीत चालते. आपला कुंडी भंडारा सर्वांनी पाहिलेला आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या अमलात, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहराकडे आणले गेले आणि त्या बोगद्यावर विहिरीसारख्या शंभराहून अधिक कुंड्या ठेवल्या गेल्या. एका कुंडीत पाणी दिसेनासे झाले म्हणजे मूळ झरा आटला असा निष्कर्ष निघत नाही. वरच्या अंगाच्या कुंडीत डोकावावे. तेथे पाणी असेल तर अडथळा या दोन कुंड्यांच्या मध्ये.

तेव्हा प्रथम वस्तू बदलून पाहावी. जो पेन ड्राइव्ह चालत नाही तो दुसऱ्या संगणकावर लावावा, आणि जो निश्चित चालतो असा दुसरा पेन ड्राइव्ह या खोबणीत घालावा. प्रिंटर असेल तर तार बदलावी. यू.एस.बी. २.० च्या तारेची मर्यादा ५ मीटर आहे. गादी एका टोकास आणि काटा वखारीच्या दारापाशी म्हणून आपण दोन-तीन तारा एकीला एक जोडतो, आणि मग काट्याचे वजन पडद्यावर कधी येते, कधी येत नाही. तो दोष पोर्टाचा नव्हे. त्यानंतर पुढच्या खोबणीतली वस्तू मागच्या खोबणीत लावावी. ही परीक्षा अतिशय मोलाची आहे, कारण मागच्या खोबणी मदरबोर्डावरच डाखलेल्या असतात, तर पुढच्या खोबणी एका लहान पट्टीवर असून नऊ टाचण्यांच्या जोडावर लागणाऱ्या तारेने बोर्डाशी बांधलेल्या असतात. मागच्या चालतात आणि पुढच्या चालत नाहीत, असे झाले तर बोर्डाकडे संशयाने पाहण्याचे कारण बहुतेक संपलेच.

दुसरी परीक्षा याहूनही निर्णायक, आणि ती फार थोडे कारागीर करून दाखवितात. संशयित खोबणीत यू.एस.बी.चा की-बोर्ड लावावा, यंत्र सुरू करताच डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबत राहावे, आणि बायॉसचा पडदा उघडतो काय ते पाहावे. विंडोज उठण्यापूर्वीचा हा पडदा आहे. येथे की-बोर्ड चालला आणि विंडोजमध्ये गेल्यावर मुका झाला, तर खोबण, तार आणि बोर्ड यांजवर ठपका ठेवता येत नाही. दोष विंडोजच्या व्यवस्थेत आहे. येथेही चालला नाही तर त्याच पडद्यात यू.एस.बी. कंट्रोलर आणि लेगसी सपोर्ट ही दोन कलमे चालू आहेत ना, हे पाहून घ्यावे. ती बंद असतील तर की-बोर्ड आत शिरूच शकत नाही. अशा वेळी जुन्या संगणकाच्या पाठीमागील जांभळ्या गोल खोबणीत बसणारा पूर्वीचा की-बोर्ड उपयोगी पडतो. असा एक की-बोर्ड माळ्यावर जपून ठेवावा, भंगारवाल्यास देऊ नये. बायॉसमधील सर्व कलमे एकदम मूळपदावर आणण्याचा मोह मात्र टाळावा. त्यात डिस्कच्या जोडणीची पद्धत बदलली तर विंडोज उठतच नाही. हात घालण्यापूर्वी पडद्याचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवलेले बरे.

विंडोजच्या बाजूचे उपाय थोडक्यात सांगतो. डिव्हाइस मॅनेजर उघडून यू.एस.बी.च्या नोंदींत पिवळे चिन्ह आहे काय ते पाहावे. असल्यास ती नोंद काढून टाकून यंत्र पुन्हा सुरू करावे. विंडोज ती आपली आपण नव्याने घालते. सर्वच कंट्रोलर एका दमात काढू नयेत, कारण माऊस आणि की-बोर्ड दोन्ही यू.एस.बी.चे असतील तर ते तत्काळ मुके होतात आणि मनुष्य पडद्याकडे पाहत बसतो. रूट हबच्या नोंदीत वीज वाचविण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा दिलेली असते, ती खूण काढावी. दुपारच्या जेवणानंतर प्रिंटर सापडत नाही या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. पेन ड्राइव्ह लावल्यावर आवाज येतो पण तो कोठे दिसत नाही, अशी स्थिती असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यास अक्षर मिळाले आहे काय ते पाहावे; एकाहून अधिक संगणक जाळ्याने जोडलेल्या पेढीवर तेच अक्षर आधी दुसऱ्या कोणी अडविलेले असते. आणि विंडोज ७ घातलेल्या यंत्रात निळ्या खोबणी चालत नसतील तर त्या मेलेल्या आहेत असे समजू नये. त्या आवृत्तीत ३.० चे ड्रायव्हर मुळातच नव्हते, ते बोर्ड बनविणाऱ्याकडून घ्यावे लागतात.

मंडीतल्या एका शेजारच्या पेढीचे उदाहरण येथे देणे उचित होईल. ती पेढी एक विधवा भगिनी मोठ्या हिमतीने चालवितात. १९ तारीख होती, दुसऱ्या दिवशी विवरणपत्राची मुदत. यंत्र सुरू केले की पडद्यावर यू.एस.बी.त जादा प्रवाह आढळल्याची एक इंग्रजी ओळ उमटे आणि पंधरा सेकंदांत सर्व बंद. कारागिराने नेहमीचा निकाल दिला, नव्या यंत्राचा आकडाही सांगितला. "भाऊसाहेब, आपण एकदा पाहता का?" असे त्यांनी विचारले म्हणून मी विजेरी घेऊन गेलो. पुढच्या डाव्या खोबणीतील जीभ मोडलेली होती आणि चारांपैकी एक पट्टी वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकली होती. जादा प्रवाह म्हणतात तो हाच. भिंतीवरचे बटण बंद केले, पेटीचे डावे झाकण काढले, पुढच्या खोबणींची तार बोर्डावरून उपसली, आणि यंत्र चालू केले. ते उठले. मागच्या चारही खोबणी ठीक होत्या. विवरणपत्र त्याच रात्री गेले.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की एका खोबणीतील स्पर्शदोष सर्व यंत्राला खाली बसवू शकतो. म्हणून विजेरीने खोबणीत पाहणे हे पहिल्या पाच मिनिटांचे काम आहे, शेवटचे नव्हे.

झाकण काढण्यापूर्वी एक पथ्य. जोवर एखादी तरी खोबण चालते आहे, तोवर हिशेबाची प्रत दुसरीकडे उतरवून घ्यावी. एकही चालत नसेल तर जाळ्याच्या तारेने दुसऱ्या संगणकावर घ्यावी. तेही न साधल्यास हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास लावता येते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळण्याचे बंधन आहे. पोर्ट काही शे रुपयांची वस्तू. वह्यांची किंमत कोण ठरविणार?

साफसफाई करताना वीज पूर्ण बंद असली पाहिजे. यंत्र बंद दिसले तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत बोर्डावर काही वीज राहतेच, आणि पुष्कळ बोर्डांच्या खोबणीही तिने जिवंत असतात. तार काढून सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे साठलेली वीज ओसरते. नुसत्या एवढ्यानेही रुसलेले पोर्ट कधी कधी चालू होतात. खोबणीतला कोंडा कोरड्या मऊ कुंचल्याने काढावा. तोंडाने फुंकू नये, त्यात वाफ जाते. सुई, टाचणी, स्क्रू-ड्रायव्हर आत घालू नये. पट्ट्या काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलक्या हाताने फिरवून पूर्ण वाळू द्यावे. जुन्या पेटीत मुंग्यांची किंवा झुरळांची वस्ती आढळते. तेथे औषध फवारणे आपल्यापैकी बहुतेकांस रुचणारे नाही, आणि यंत्रालाही तो ओलावा घातकच आहे. पेटी उघडी करून काही वेळ उजेडात ठेवली आणि कुंचल्याने हलके झटकले, की ती मंडळी आपण होऊन निघून जातात.

झाकण उघडलेच आहे तर बोर्डावरील लहान नळकांड्यांकडे, ज्यांना कपॅसिटर म्हणतात, एक नजर टाकावी. त्यांचे माथे सपाट असले पाहिजेत. फुगलेले असतील किंवा तपकिरी द्रव पाझरला असेल, तर पोर्टांना पोहोचणारी वीज अशक्त झाली आहे असे समजावे. तेथे मात्र डाखकाम जाणणारा कारागीरच हवा. पॉवर सप्लायची पेटी आपण कधीही उघडू नये. तिच्यात वीज बंद केल्यावरही जीवघेणा साठा राहतो. पुढच्या खोबणींची तार परत लावताना तिची जागा नीट वाचून लावावी, कारण काही जुन्या बोर्डांवर तिच्यासारखाच दिसणारा फायरवायरचा जोड असतो; त्यावर चुकून लावली तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि पेन ड्राइव्ह जागच्या जागी खाक होतो.

भूमिगत तार, म्हणजे अर्थिंग, हा आपल्या जुन्या पेठेतील दुबळा भाग आहे. लाकडी माडीच्या घरात तीन पिनांचा बोर्ड दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. अशा यंत्राच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि प्रिंटर जोडताच पोर्ट हबकतो. वायरमनकडून एकदा मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांतील दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टांहून अधिक निघाल्यास संगणकाची दुरुस्ती बाजूला ठेवून भिंतीची दुरुस्ती आधी करावी. नाहीतर नवा बोर्डही त्याच वाटेने जाईल.

आता समजा, खरोखरच विजेच्या कडकडाटात किंवा स्पर्शदोषाने बोर्डावरील यू.एस.बी.चा कारभार पाहणारी चिप गेली, आणि सारे पोर्ट कायमचे मेले. तरीही यंत्र बाद होत नाही. बोर्डावर जादा कार्डासाठी लांबट फटी असतात. जुन्या बोर्डावर बहुधा पांढऱ्या पी.सी.आय., नंतरच्या बोर्डावर आखूड पी.सी.आय. एक्सप्रेस. त्यांत बसणारे यू.एस.बी.चे कार्ड काही शे रुपयांत मिळते. त्या कार्डावर स्वतःचा कंट्रोलर असतो, त्यामुळे मूळ चिप जिवंत असण्याची गरजच उरत नाही. खरेदीपूर्वी आपली फट कोणती ते पाहून घ्यावे, आणि आपल्या विंडोजच्या आवृत्तीस ते कार्ड चालते असे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. ३.० चे कार्ड असेल तर त्यास पॉवर सप्लायची निराळी तार जोडावी लागते. ती न जोडल्याने कार्ड परत करणारे गिऱ्हाईक पुष्कळ असतात. विंडोज १० ची सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. म्हणून असे दुरुस्त केलेले जुने यंत्र काटा, बिल आणि जुन्या वह्या यांसाठी ठेवून बँकेचे व्यवहार दुसऱ्या यंत्रावर करणे श्रेयस्कर.

ज्या खोबणींची जीभ मोडलेली आहे त्यांवर जाड कागदाची पट्टी चिकटवून "बंद" असे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. सणासुदीच्या दिवसांत चार दिवसांपुरते ठेवलेले मूल गादीवर बसते, आणि रिकामी खोबण दिसली की त्याच्या हातातला पेन ड्राइव्ह आधी तिकडेच जातो.